फॉर्मवर मुलगा नव्हता

मुलीच्या बाळंतपणाला आम्ही पोहोचलो नाही. नात झाली तेव्हा कॅनडातल्या कॅलगरीत तिच्याजवळ जावई होते आणि शेजारची एक पंजाबी बाई होती. मी इथं बेळगावात डिंकाच्या लाडवांचा डबा भरून बसले होते. व्हिजा नाकारल्याचं पत्र त्याच्या तीन आठवडे आधी आलं होतं. पुढच्या दहा महिन्यांत आम्हाला जे जे कळलं ते सांगते, कारण आमच्या भागातून आता घरटी एक पोर तरी बाहेर आहे, आणि आमचा अर्ज जसा भरला गेला तसेच अर्ज अजूनही भरले जाताना मी बघते.

आधी आमची माहिती. मी सरकारी मराठी शाळेत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. ह्यांची खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला, साडेतीन एकर भातशेती आहे. बेळगावात स्वतःचं घर आहे. मुलगा उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. तो, सून आणि शाळेत जाणारा नातू आमच्यासोबतच राहतात. मुलगी लग्नानंतर कॅनडाला गेली, तिथली कायम रहिवासी झाली. दिवस राहिल्याचं तिनं सांगितलं त्या दिवसापासून मी जायची तयारी करत होते.

ओळखीच्या एका माणसानं एजंटाचं नाव सुचवलं. एजंट बोलायला चांगला होता. "बाई, तुमी फक्त कागदं द्या, बाकी सगळं मी बगतो," म्हणाला. दोघांचे मिळून अठरा हजार त्याचे, आणि सरकारी फी वेगळी: माणशी १०० कॅनेडियन डॉलर अर्जाचे, ८५ डॉलर बोटांच्या ठशांचे आणि फोटोचे. आम्ही कागदांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. भरलेला फॉर्म त्यानं दाखवला नाही, आम्हीही मागितला नाही. आयुष्यभर मुलांना "उत्तरपत्रिका देण्याआधी एकदा वाचून बघा" सांगत आले, आणि स्वतःची उत्तरपत्रिका न वाचता देऊन आले. ह्याचा दोष मी एजंटाला देत नाही, तो माझाच.

ठसे द्यायला बेंगळुरूला जावं लागेल असं सगळे सांगत होते, कारण आपण कर्नाटकात. तसं काही नाही. कॅनडाचं केंद्र पुण्यालाही आहे, आणि कुठल्याही केंद्रावर ठसे देता येतात. पुण्याला माझी बहीण असते, म्हणून आम्ही पुणं धरलं. तिथं वेगळीच अडचण आली. ह्यांचे हात शेतातले, बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन ठसे घेईना. तिथल्या मुलीनं न कंटाळता हात पुसायला लावले, पाच-सहा वेळा बोटं टेकवून घेतली, तेव्हा कुठं जमलं. शेतकरी, गवंडी, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया, ज्यांचे हात असे आहेत त्यांनी जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री खोबरेल चोळावं. माझ्या एका शेजारणीला नंतर ह्याचा उपयोग झाला.

नकाराचं पत्र एजंटाच्या ईमेलवर आलं. अर्जावर ईमेलही त्याचाच आणि फोन नंबरही त्याचाच, त्यामुळं आम्हाला चार दिवसांनी कळलं. पत्र दीड पानाचं. इमिग्रेशनच्या नियमावलीतल्या १७९(ब) ह्या कलमाखाली, मुक्काम संपल्यावर तुम्ही कॅनडातून परत जाल याची खात्री पटत नाही, असं त्यात होतं. कारणं दोन: तुमचे कौटुंबिक संबंध आणि तुमची आर्थिक स्थिती. हे पत्र मी ह्यांना मराठीत सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "भात सोडून मी तिकडं काय करणार होतो गं?"

भेटीच्या व्हिजाच्या नकारावर अपील नसतं. फी परत मिळत नाही. परत अर्ज करता येतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा. एजंट तेच म्हणत होता, "लगेच दुसऱ्यांदा टाकू या, ह्या खेपेला खात्यात आणि थोडं जास्त दाखवू." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मुलीनं थांबवलं. म्हणाली, "आई, का नाकारलं ते नीट कळल्याशिवाय परत टाकायचं नाही."

तिनं जे केलं ते फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्ज तपासणारा अधिकारी संगणकात स्वतःच्या नोंदी लिहून ठेवतो. कॅनडात राहणाऱ्या माणसाला माहितीच्या कायद्याखाली ५ डॉलर भरून त्या मागता येतात. आपल्या वतीनं मागायच्या असतील तर आपली सही असलेलं संमतिपत्र लागतं. आम्ही सह्या करून पाठवल्या. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, आम्हाला दीड महिना लागला. त्या नोंदींबरोबर आमचा भरलेला फॉर्मही आला. नात तेव्हा दोन महिन्यांची झाली होती.

मी तो फॉर्म टेबलावर ठेवला, लाल पेन घेतलं आणि पेपर तपासायला बसावं तशी बसले.

कुटुंबाच्या फॉर्मवर आमची सगळी मुलं लिहायची असतात. लग्न झालेली, वेगळी राहणारी, कुठल्याही देशातली असोत. तिथं फक्त मुलीचं नाव होतं. मुलगा नव्हता. एजंटाला फोन लावला, तर म्हणाला, "तिकडं कोण हाय तेवडंच विचारत्यात, म्हणून मी तेवडंच घातलं." जो मुलगा आम्हाला रोज दवाखान्यात नेतो-आणतो, ज्याचा पोरगा माझ्याशिवाय जेवत नाही, तो त्या कागदावर जन्मलेलाच नव्हता. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं ते असं: अर्जदारांचं एकुलतं अपत्य कॅनडात आहे, मायदेशात जवळचं कुणी दाखवलेलं नाही. समोर आलेल्या कागदावरून दुसरा कुणी तरी वेगळं काय लिहिणार? मी त्याच्या जागी असते तरी हेच लिहिलं असतं.

मुख्य अर्जावर माझ्या व्यवसायासमोर 'हाउसवाइफ' होतं. गेल्या दहा वर्षांतल्या कामाचा तपशील द्या, सरकारी पदावर असाल तर तेही लिहा, असं त्याच पानावर स्पष्ट विचारलेलं आहे. ३४ वर्षं खडूनं बोटं पांढरी केली आणि तिथं एक ओळसुद्धा नाही. मला दर महिन्याला इथं पेन्शन येते, हे अर्जात कुठंच नव्हतं. ह्या गोष्टीचं मला नकारापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मग पैसे. खात्यात आठ-दहा लाख दिसलेच पाहिजेत असं एजंटानं सांगितलं होतं, म्हणून माझ्या दिरांकडून सहा लाख आणून एका दिवसात भरले होते आणि पुढच्या आठवड्यात बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं होतं. पाच महिने पेन्शनीची साधी ये-जा आणि शेवटी एकदम सहा लाख. नोंदीत लिहिलं होतं, मोठी रक्कम नुकतीच जमा, स्रोत स्पष्ट नाही. खरं तर आमच्याकडं स्वतःचे पैसे होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेची मुदतठेव होती, तिची पावती कपाटातच राहिली. जे आपलं होतं ते दाखवलं नाही आणि जे आपलं नव्हतं ते दाखवलं.

मुलीच्या पत्रातही चूक होती, ती तिनं स्वतःच मान्य केली. 'आईबाबा मदतीला येत आहेत, गरज असेल तोवर राहतील' असं तिनं मायेनं लिहिलं होतं. निमंत्रणाच्या पत्रात येण्याची आणि परत जायची तारीख हवी. शिवाय आमची पूर्ण नावं, जन्मतारखा, पत्ता, नातं, येण्याचं कारण, कुठं राहणार, खर्च कोण करणार. बोलावणाऱ्याचं काम, तो तिथला नागरिक की कायम रहिवासी आणि त्याचा पुरावा, घरात माणसं किती. 'गरज असेल तोवर' हे वाक्य आपल्याकडं मायेचं आहे, तिथं वाचणाऱ्याला ते कधीच न परतण्याचं वाटतं.

दुसरा अर्ज आम्ही घरीच भरला. कॅनडात पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज चालवायचा हक्क तिथले वकील, क्विबेकमधले नोटरी आणि परवाना असलेले सल्लागार अशा मान्यता असलेल्या लोकांनाच आहे, आणि असा माणूस असेल तर त्याचं नाव आयएमएम ५४७६ ह्या फॉर्मवर द्यावं लागतं. आमच्या पहिल्या एजंटाचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे सगळ्या चुकांवर सही आमची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कागदांच्या भाषेत, आणि हे दुखणं आपल्या सीमाभागाचंच आहे. शेताचा उतारा कानडीत. महानगरपालिकेचा घराचा उतारा कानडीत. रेशन कार्ड कानडीत. माझा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. कॅनडाला कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लागतो. पहिल्या वेळी माझ्या भाच्यानं, तो इंग्रजीचाच शिक्षक आहे, सगळं सुंदर अक्षरात भाषांतर करून दिलं होतं. ते चालत नाही. अर्जदारानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेलं भाषांतर ते धरत नाहीत. भाचा-पुतण्या त्यात येतातच. भाषांतर करणारा अधिकृत भाषांतरकार नसेल तर त्यानं 'हे भाषांतर बरोबर आहे' असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करावं लागतं, आणि सोबत मूळ कागदाची प्रत जोडावी लागते. कोर्टाच्या आवाराजवळ कानडी-इंग्रजी करून देणारे एक वयस्कर गृहस्थ मिळाले. त्यांनी पहिल्या खर्ड्यात 'पहाणी' हा शब्द इंग्रजी लिपीत तसाच ठेवला होता. मी म्हटलं, हे वाचणाऱ्याला कसं कळायचं? मग त्यांनी जमिनीची मालकी आणि पीक ह्यांची सरकारी नोंद असं लिहिलं, आणि ३ एकर २० गुंठे लिहून कंसात ४० गुंठ्यांचा एकर होतो तेही घातलं. अशा माणसाला दोन पैसे जास्त द्यावेत.

नावांचा गोंधळ वेगळाच. माझ्या नावात 'क्ष' आहे. पेन्शनीच्या पुस्तकात तो 'एक्स'नं, पासपोर्टमध्ये 'के-एस-एच'नं, आणि रेशन कार्डावर कानडीतून इंग्रजीत येताना तिसऱ्याच तऱ्हेनं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. चारही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र केलं आणि फॉर्मवर सगळीकडं पासपोर्टातलंच स्पेलिंग ठेवलं. आमचं लग्न गावात झालं, नोंदणी कुणी केली नव्हती; पण दोघांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव होतं आणि माझ्या पेन्शनच्या आदेशात नॉमिनी म्हणून हे होते. तेच दोन कागद जोडले.

आणि गावाचं नाव. माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण बेळगाव, आधारवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारनं शहराचं नाव बदललं, ह्यावर आमच्या भागात बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि माझंही मत ठाम आहे. पण अर्ज वाचणारा माणूस कुठंतरी लांब बसलेला. त्याला ही दोन शहरं वाटू नयेत एवढ्यापुरती पत्रात एक ओळ घातली: दोन्ही नावं एकाच शहराची, बदल अमुक तारखेचा. जन्मठिकाण पासपोर्टात होतं तसंच लिहिलं.

पासपोर्टवरून आठवलं. ह्यांच्या पासपोर्टची मुदत चौदा महिनेच उरली होती. पासपोर्ट संपतो त्याच्या पुढं व्हिजा देत नाहीत, म्हणून आधी तो नवा करून घेतला. बेळगावच्या पोस्टातच आता पासपोर्टचं काम होतं, हुबळीला जावं लागत नाही.

पैशाचं ह्या वेळी सरळ ठेवलं. दिरांचे सहा लाख लगेच परत केले होते. मुदतठेवीची पावती, पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, अडत्याकडच्या भाताच्या दोन वर्षांच्या पट्ट्या. मुलीच्या बाजूनं तिच्या आणि जावयांच्या पगाराच्या पावत्या, तिथल्या आयकर खात्याचं आकारणीपत्र, तिच्या कायम रहिवासाच्या कार्डाची प्रत. एकूण रक्कम पहिल्या वेळेपेक्षा कमी दिसत होती. सून घाबरली, "आत्या, कमी नाही का पडणार?" पाच महिने मुलीच्या घरी राहायचं, तिकिटं आम्ही काढायची, खाणंपिणं तिच्याकडं. त्याला पुरेसं होतं.

मग मी पत्र लिहिलं, एका पानाचं, माझ्या साध्या इंग्रजीत. ऑनलाइन अर्जात जास्तीची माहिती जोडायला एक जागा असते, पहिल्या वेळी ती रिकामीच गेली होती. मी लिहिलं, आम्ही कोण. मुलगा, सून, नातू आमच्याच घरी आहेत, मागच्या अर्जात मुलाचं नाव राहिलं ती आमची चूक. मी शिक्षिका होते, गृहिणी असं लिहिलं गेलं तेही चूक. ते सहा लाख नात्यातले होते आणि परत दिले. जानेवारीत येऊ, फेब्रुवारीत नातीचा पहिला वाढदिवस आहे, मेअखेर परतू कारण पावसाच्या तोंडावर भाताची पेरणी असते. मुलाच्या जन्माचा दाखला जोडला. तेवढंच. गयावया केली नाही.

अर्जात एक प्रश्न आहे: ह्यापूर्वी कॅनडानं किंवा कुठल्याही देशानं व्हिजा नाकारला आहे का? ओळखीच्या दोघांनी आपुलकीनं सांगितलं, "नाही लिहा, उगाच कशाला." हे मात्र कुणीही करू नये. नकार त्यांच्याच संगणकात असतो. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४०व्या कलमाखाली पाच वर्षं बंदी येते. आम्ही 'हो' लिहून तारीख आणि कारण दिलं.

संगणकाचं काम मुलानं केलं. फॉर्मची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की नुसतं 'थांबा' असं दाखवत राहायची. ती उतरवून घेऊन अडोबी रीडरमध्ये उघडावी लागली, आणि शेवटी तपासणीचं बटण दाबल्यावर बारकोडचं पान तयार झालं. कागद जोडायच्या प्रत्येक जागेत एकच फाईल बसत होती, ४ एमबीपर्यंतची. त्यामुळं एका विषयाचे सगळे कागद एकत्र करून घ्यावे लागले: आधी मूळ प्रत, मग भाषांतर, मग प्रतिज्ञापत्र. ईमेल आणि फोन ह्या वेळी मुलाचा. सगळं झाल्यावर मी चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, हे शेजारी बसून ऐकत होते. दोन तारखा चुकलेल्या सापडल्या.

ठसे परत द्यावे लागले नाहीत. ते १० वर्षं चालतात, आधीचा अर्ज नाकारला असला तरी. म्हणजे माणशी ८५ डॉलर आणि पुण्याची एक फेरी वाचली. तिकिटं ह्या वेळी आधी काढली नाहीत. पहिल्या वेळची रद्द करताना बरेच पैसे गेले होते.

मधे मुलीनं सुपर व्हिजाचंही विचारलं होतं. आईवडील-आजीआजोबांसाठी तो असतो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्याला १ लाख डॉलरचा आरोग्य विमा, मुलांच्या उत्पन्नाची ठरावीक पातळी आणि वैद्यकीय तपासणी लागते. ज्यांना लांब राहायचं आहे त्यांनी तो जरूर बघावा. आम्हाला पाच महिने पुरे होते, आणि साध्या भेटीच्या व्हिजावर सहसा सहा महिने राहू देतात. प्रवासाचा विमा मात्र सक्ती नसतानाही आम्ही काढला. तिथल्या दवाखान्याचा खर्च आपल्याला झेपणारा नाही.

सात आठवड्यांनी, डिसेंबरात, एका दुपारी मुलाचा कारखान्यातून फोन आला. पासपोर्ट पाठवा असं पत्र आलं होतं. मी नातवाची पाटी पुसत होते. ह्यांना सांगायला मागच्या दारी गेले आणि बोलताच येईना, नुसती मान हलवली. त्यांना कळलं.

विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी परत विचारतो, व्हिजा असला तरी. किती दिवस राहायचं ते तोच ठरवतो. ह्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मी सांगत होते. कुणाकडं, कशासाठी, परत कधी. मी म्हटलं, मेचा शेवट, शेती आहे. त्यानं ह्यांच्या हातांकडं बघितलं आणि विचारलं, काय पिकवता? "राईस," हे स्वतःच म्हणाले.

वाढदिवसाच्या दिवशी नातीनं दोन पावलं टाकली ती आजोबांकडं. डिंकाचे लाडू नवे करून नेले होते.

२६ मेला आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी नंदगडची बस धरली. धूळवाफेच्या पेरणीला माणसं आधीच सांगून ठेवली होती. मी दोघांच्या बोर्डिंग पासच्या प्रती, परतीची तारीख लिहून, फाईलमध्ये लावल्या. त्याच फाईलमध्ये सगळ्यात वर पहिल्या अर्जाचं ते पान आहे, ज्यावर मुलाच्या नावाची जागा रिकामी आहे आणि तिच्याभोवती माझ्या लाल पेनाचं वर्तुळ.